स्पीकरला लावलेली कणीक

आण्णा, तुमचं भजन घरात नीट ऐकावं म्हणून मी दोन छोटे स्पीकर आणले. माहेरी, कर्जतच्या आपल्या देवळात तुम्ही शेवटचे पखवाज घेऊन बसलात, तेव्हा मी मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग आहे ते. नागापूरला आमच्या दोन खोल्या, स्पीकरचे मोठे डबे ठेवले तर झोपायचं कुठे? पण या छोट्यांतून तुमच्या उजव्या हाताचे बोल दाणेदार येतात आणि डावीकडचा धूम येतच नाही. तुम्ही अर्धेच ऐकू येता. स्पीकर भिंतीला टेकवले तर नुसता घोंगाट, पुढे ओढले तर आवाज स्वच्छ पण पोट खपाटीला. खाली रबर दिलं, मागच्या भोकात मोजा कोंबला. आमचे हे हसायचे, "आगं, स्पीकर हायेत का बाळंतीन? केवढी ही बडदास्त!"

मग मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. घरात रोज ज्वारीची भाकरी, गव्हाचं पीठ निघायचं ते गुरुवारी, तुमच्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला, धूम खोल यावा म्हणून. कणीक मीच मळायची. एकदा सैल झाली, तर तुम्ही माझ्या कानाची पाळी धरलीत. "ही पुऱ्यांची हाय का? अशी पायजे, हिच्यासारखी." दुखलं नाही, पण माप कायमचं कळलं. भजन संपलं की तुम्ही ती कणीक खरवडून काढता, माझ्या हातावर ठेवता, आणि मी ती गाईला घालून येते. तुमच्या हाताखाली तापलेली असते ती.

परवा मी तसंच केलं. स्पीकरची जाळी काढली आणि आतल्या कागदी पडद्यावर मधोमध कणकेची चकती थापली. पखवाजाला चालतं ते याला का चालू नये? आणि आवाज खरंच खाली उतरला, आण्णा! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. घाईघाईने तुमचं भजन लावलं. डावा हात तरीही नाही. दुसऱ्या दिवशी कणीक वाळली आणि तिने कागदच फाडला.

नगरचा दुरुस्तीवाला आधी पोट धरून हसला. नवा पडदा बसवून त्याने तुमचं रेकॉर्डिंग लावलं, आणि हसायचा थांबला. "ताई, स्पीकर चांगलाच हाय. थांबा, दुसऱ्या कुनाचा पखवाज लावतो." तो लावला तर दुकानातलं टेबल थरथरलं. "तुमच्या मोबाईलनी खालचा आवाज घेतलाच न्हाई. जे भरलंच न्हाई, ते निघंल कुठून?" मी तिथेच रडायला लागले. गिऱ्हाइकं बघत होती, त्याने बिचाऱ्याने स्टूल पुढे केलं. तुम्ही गेलात तेव्हा मी आल्यागेल्याचा चहा बघत होते. हे रडणं तेव्हाचंच असावं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. घरी यांना सांगितलं, मोबाईलचा दोष निघाला. तेवढंच सांगितलं. दुकानात तो परक्या माणसाचा पखवाज घुमला ना, तेव्हा मला वाटलं, हे तुम्हीच. आण्णा, तुमचा डावा हात कसा वाजायचा, ते मला आता आठवत नाही.