दादाच्या टेंपोला बंदी

॥ श्री ॥
उमेळे, वसई
ता. ९ फेब्रुवारी २००१

चि. सौ. आशालतेस,
जयवंतदादाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही.

शेजारच्या फेबियनकडच्या फोनवरून दोनदा बोललो, तर दोन्ही वेळा तू दूध उतू जातंय म्हणून ठेवून दिलास. एवढं दूध घेतेस तरी किती? म्हणून बंद पाकिटातून लिहितो. कार्ड घातलं तर आमचा पोस्टमन आधी वाचतो आणि मग मला मजकूर सांगतो.

गेल्या सोमवारी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी हवालदाराने टेंपो अडवला. प्रयोग म्हणून बाजारालगतच्या गल्ल्यांत जुन्या डिझेल गाड्यांना सकाळी बंदी केली आहे म्हणे, हवा शुद्ध ठेवण्यासाठी. मी म्हटलं, बाबा रे, आत माझी बहीण राहते, तिची भाजी तरी देऊन येतो. तो हसला. म्हणाला, त्याच इमारतीतून तर अर्ज आलाय. फेबियनची लिलीची फुलं आणि माझी वालपापडी उन्हात बसून राहिली. शेवटी हातगाडी करून माल आत नेला, तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

आता मला सरळ सांग, अर्ज कोणाचा? सोसायटीच्या कमिटीवर नरहरीराव आहेत. त्यांना माझा टेंपो पहिल्यापासून आवडत नाही. साखरपुड्याला मी त्यातून आलो होतो, तेव्हाचं त्यांचं तोंड मला अजून आठवतं. इथे आमच्या ज्युलियसने गेल्याच महिन्यात कोरा करकरीत टेंपो घेतला. त्याला बंदी नाही. त्याला आधी कसं कळलं, याचाही मी तपास करतोय.

क्षितिजाचा खोकला कसा आहे? तिला पापा. बाकी भेटीअंती, भेट होऊ दिली तर.
तुझा,
दादा

॥ श्री ॥
मुंबई
ता. २० फेब्रुवारी २००१

ती. स्व. दादास,
आशाचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. वाचून वाईटही वाटलं आणि हसूही आलं. दूध खरंच उतू गेलं होतं, एकदा तरी.

ह्यांच्यावर उगाच घसरू नकोस. ह्यांना कमिटीत कोणी विचारत नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण बसवायला सांगून दीड वर्ष झालं. साखरपुड्याला तोंड तसं होतं ते दाढ दुखत होती म्हणून. ज्युलियसने टेंपो घेतला तो त्याच्या मेव्हण्याने मस्कतहून पैसे पाठवले म्हणून, हे तूच मागे सांगितलं होतंस.

क्षितिजा आता बरी आहे. या पंधरवड्यात एकदाही वाफ द्यावी लागली नाही. वर्गातल्या मुलींबरोबर दोरीच्या उड्या मारते. तू टेंपोशिवाय ये ना. ट्रेनने ये, दोन दिवस राहा. वहिनीच्या हातचं अळूचं फदफदं फार आठवतं. पानं वाटेत सुकली तरी चालतील.

बंदी काय, चार दिवसांची असेल. मनाला लावून घेऊ नकोस. सावित्रीवहिनीस नमस्कार, छोट्या कृतिकेस गोड पापा. बहिणीवरची माया होती तशी असू द्यावी, ही विनंती.
तुझी,
आशा

॥ श्री ॥
उमेळे
ता. ११ मार्च २००१

चि. सौ. आशास आशीर्वाद. वि. वि.
तुझं पत्र तीनदा वाचलं. टाकीचं झाकण आहे, दाढ आहे, अळूचं फदफदं आहे. अर्ज कोणाचा, ते नाही. लहानपणी लोणच्याची बरणी फुटली तेव्हाही तू अशीच गावभरच्या गप्पा मारत होतीस.

परवा टेंपो लांब उभा करून कोपऱ्यावर चहा घेत थांबलो. काय पाहिलं ते ऐक. घाऊक व्यापाऱ्याचा ट्रक, माझ्या टेंपोहून थोराड, मागे काळा ढग, हवालदाराने हात दाखवला आणि सुखाने आत! चौकशी केली तर त्याला पास आहे. पास कोणाला मिळतो? ज्याचं गोदाम आत आहे त्याला. म्हणजे धूर काढायला आत गाळा असावा लागतो. आम्ही वसईचे चार-पाच टेंपोवाले तेवढे हवा बिघडवतो. गाडी गॅसवर करून घ्या असं सांगतात. करतो की! पण आमच्याकडे गॅसचा पंप कुठे आहे? गॅस भरायला मुंबईत यायचं आणि मुंबईत यायला गॅस पाहिजे. हवा स्वच्छ नको असं मी म्हणत नाही. मीही तीच हवा घेतो. पण नियम करायचा तर सगळ्यांना सारखा करा, आणि आमच्यासारख्यांना थोडी सवड द्या.

चहा पिताना तुझ्या खिडकीकडे पाहिलं. बंद होती. एवढ्या वर्षांत ती सकाळी कधी बंद पाहिली नव्हती. वर आलो नाही.

आता माझा संशय सांगतो. नरहरीराव दिवाळीत म्हणत होते, वाडीत काय उरलंय, बिल्डर चांगला भाव देतोय. माल जाणं बंद झालं की वाडी विकावी लागेल, हा डाव तर नाही ना? तसं असेल तर यंदा भाऊबीजेला माझी वाट पाहू नकोस.

उत्तर आलं नाही तरी मी ते उत्तरच समजेन.
जयवंत

॥ श्री ॥
मुंबई
ता. १७ मार्च २००१

ती. दादास सा. न.
ज्याने मला कडेवर घेऊन वाडी दाखवली त्याने पत्राखाली नुसतं जयवंत लिहावं? बरं. आता ऐक.

अर्ज माझा. मी लिहिला, मीच दारोदार फिरून सह्या घेतल्या. हे तर नको म्हणत होते. म्हणाले, दादांना सरळ सांग, ते ऐकतील. ह्यांचं मी ऐकलं नाही.

तुझ्या गाडीचा सेल्फ गेलेला. एकदा बंद केली की चार माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून तू ती कधी बंदच करायचा नाहीस. रोज सकाळी माझ्या खिडकीखाली उभी करायचास. मी दोरीने पिशवी सोडायची, तू तीत भाजी, केळी, वर चार चाफ्याची फुलं ठेवायचास, मग खालून वाडीच्या गप्पा. तोवर ती गाडी खाली धडधडत धूर ओकतेय, आणि त्या खिडकीशी क्षितिजाची खाट. डॉक्टरांनी विचारलं, खिडकीखाली गाडी उभी राहते का? मी नाही म्हटलं. माझ्या दादाची गाडी आहे, असं कोणत्या तोंडाने सांगू? डिसेंबरात तिला धाप लागली आणि ओठ निळे पडले, रिक्षात माझ्या मांडीवर. तेव्हा घरी येऊन अर्ज लिहिला.

तुला सांगायला जीभ रेटेना. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर रोज सकाळी त्या टेंपोतून यायचं रे. त्याला पुढे जा कसं म्हणू? वाटलं, सगळ्यांनाच बंदी झाली की तू आपोआप त्यात येशील. दादाला कोणी बोललं असं होणार नाही. गोदामवाल्यांना पास मिळतील आणि तुम्हीच तेवढे बाहेर राहाल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या पासाविरुद्ध दुसरा अर्ज दिलाय. अजून कोणी दखल घेतलेली नाही.

अर्ज केला याचं मला वाईट वाटत नाही, दादा. मुलगी उड्या मारते. पण सकाळी ती खिडकी माझ्याने उघडवत नाही.

रागावलास तरी पत्र लिहीत जा.
तुझीच,
आशा

॥ श्री ॥
उमेळे
ता. ४ नोव्हेंबर २००१

चि. सौ. आशास दादाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.
इतके महिने लिहिलं नाही. फार राग आला होता. वरून एक हाक मारून, दादा, गाडी लांब उभी कर, एवढं म्हणाली असतीस तर मी ती बाजाराबाहेर ठेवून डोक्यावरून टोपली आणली असती. परक्यासारखं सरकारकडून सांगवलंस. क्षितिजाचे ओठ निळे पडले हे मला तीन महिन्यांनी पत्रातून कळावं? तिचा मामा आहे मी. नरहरीरावांना मात्र माझा नमस्कार सांग. त्यांच्यावरचा संशय काढून घेतला आहे. बिल्डरच्या बाबतीत थोडा ठेवला आहे.

माल आता ज्युलियस नेतो. फेबियनने लिली काढून टाकली. माझा टेंपो सातिवलीच्या गोदामांवर लावला, इथल्या इथे फेऱ्या मारतो. माझा एकट्याचाच नाही. तुमच्याकडे बंदी झाली तशा तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इकडे येताहेत. तुमच्या गल्लीतला धूर कुठे गेला असं कोणी विचारलं तर माझा पत्ता दे. उमेळ्याच्या नाक्यावर सकाळी समोरचं माणूस ओळखू येत नाही.

गणपतीपासून कृतिकेला खोकला आहे. आता तिला उशा लावून बसवूनच झोपवावं लागतं. सावित्री रात्रभर तिची पाठ चोळत असते. धूर आत येतो म्हणून थोरल्या उमंगने घराचं मागचं दार बंद करून टाकलं. डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. मीच त्यांना सांगितलं, गाडी माझी आहे आणि ती मी मागच्या दारातच चालू ठेवतो.

इथल्या टेंपोवाल्यांना जमवलं. दोघे उठून गेले, एकाने तर मी बहिणीला सामील असल्याचंच ठरवून टाकलं. बाकीचे सही करायला तयार आहेत. आमच्यात कोणाला सरकारी मराठी लिहिता येत नाही, तेव्हा अर्ज तू लिही. नाक्यावर जुन्या गाड्या नकोत, पण कोणालाही पास नको, गॅसचा पंप आधी आणा आणि मग तारीख ठरवा, हे सगळं घाल.

भाऊबीजेला ट्रेनने येतो. तोवर लिहून ठेव. राग आहे तेवढा लोभही आहे, दोन्ही सांभाळून घेणे.
तुझा,
दादा

ता. क. सह्यांत पहिलं नाव माझं. नाक्यावर पहिली अडवायची गाडीही माझीच, तिचा नंबर अर्जात स्पष्ट लिही.