गोम्बोदादाची थापी

मी, दोर्लिग यांची मुलगी पिल्जिद, वय ६८, गिलावा शिकवणारी निवृत्त शिक्षिका, राहणार उलानबातर, उत्तरेची टेकडीवस्ती, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या धाकात नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. टाइपही मीच केलं आहे. साठीनंतर वर्गाला जाऊन शिकले, तेव्हा चुकांना दुसरं कुणी जबाबदार नाही.

१. कुंपणातली जागा, लोकरी नमद्याचं घर आणि चूल भाची नान्दिन हिला. धूर चुलीमुळे कोंडत नाही, दारामुळे कोंडतो. दार बदलावं.

२. भाऊ दाम्बा याला काही नाही. आईच्या चांदीच्या वाट्या त्याने आधीच नेल्या आहेत.

३. ओळंबा आणि रंधे प्रशिक्षण केंद्राला. कृपा करून कपाटात कोंडू नयेत.

४. लाल दोरा गुंडाळलेली थापी माझी नाही, गोम्बोदादाची आहे. तो तेव्हा सत्तावन्न वर्षांचा मेंढपाळ. एका हिवाळ्यात सगळी जनावरं बर्फात गेली, म्हणून माझ्या वर्गात आला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मला ‘बाई’ म्हणायचा. आमच्यात वस्तू उजव्या हाताने, डावा हात कोपराखाली धरून द्यायची रीत. एकदा त्याने थापी मला नुसत्या डाव्या हाताने दिली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, “काय हो, घरी काही शिकवलं नाही का? मेंढ्यांनी वाढवलंय वाटतं तुम्हाला.” वर्ग हसला. तोही मान खाली घालून हसला.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याच्या परांचीवर मी त्याच्याकडे थापी मागितली. एक हात कायम कठड्यावर, हा धडा मीच दिलेला. त्याने कठडा सोडला, डावा हात उजव्या कोपराखाली धरला, रीतसर वाकला आणि म्हणाला, “घ्या, बाई.” थापी माझ्या हातात आली आणि तो खाली गेला.

५. त्याच्या मृत्यूच्या चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं. आदल्या दिवशीचं मी बोलले नाही, खाली सही केली. लोक म्हणाले, प्यायला असेल. तो पीत नव्हता. त्याची बायको ते ऐकत ऐकतच मेली. एकवीस वर्षं झाली. नान्दिन चहा देते, तिचा डावा हात कोपराला लागतो, आणि मला तिच्या पायाखाली जमीन दिसत नाही. मी पेला घेत नाही, खाली ठेव म्हणते. तिला मी तुसडी वाटते. वाटू दे.

६. थापी गोम्बोदादाची मुलगी सोयोल, वय ४६, हिला. गेल्या हिवाळ्यात तिचीही जनावरं गेली आणि ती त्याच वर्गात आली. ‘माझ्या मृत्यूनंतर तिला कलम ४ आणि ५ वाचून दाखवावं,’ असं मी इथे लिहिलं होतं. पण आज तिचा शिक्षक चुलून साक्षीला आला आणि सहज म्हणाला, सोमवारी सोयोल परांचीवर चढणार, फार रीतीची बाई आहे, काहीही देते ते कोपराला हात लावूनच.

म्हणून ते वाक्य रद्द. सोमवारी ती चढायच्या आधी मी स्वतः तिथे जाऊन, सगळ्या वर्गासमोर, वाचून दाखवणार आहे. नंतर तिने मला हाकलून दिलं तरी चालेल. थापी मी तिला एका हाताने देईन, आणि तिनेही एकाच हाताने घ्यावी.

उलानबातर, २५ एप्रिल २०२४
सही: पिल्जिद

साक्षीदार: १. चुलून, गिलावा शिक्षक
२. हांद, शेजारीण