हा हत्तीरोग नव्हे
गुरुजी, माझ्या मुलाने परवा मंडईत चहाच्या टपरीपाशी उभे राहून लोकांना जे सांगितले ते चुकीचे आहे. तो म्हणाला, "बाबाच्या हाताले हत्तीरोग हाये, दोन हजार चारपासून." रोग चुकीचा आणि सालही चुकीचे. शेजारचे तर 'हाताले हत्तीपाय' म्हणतात. हाताला पाय फुटलेला माणूस बहुधा मी पहिलाच. उजवा हात उपरण्याखाली झाकून मी तिथेच उभा होतो.

खरे ते आपल्याला लिहितो. आपल्याला जाऊन इतकी वर्षे झाली, की हे कुठल्या पेटीत टाकण्याचा प्रश्न नाही. मला स्तनाचा कर्करोग झाला होता. तो पुरुषालाही होतो, हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला खरे वाटले नाही. त्यांनी गाठ काढली, काखेतल्या गाठीही काढल्या, मग किरणोपचार दिले. रोग गेला, पण अंगातले लसीका नावाचे पाणी वाहून नेणाऱ्या काखेतल्या वाटाही गेल्या, आणि ते आता हातात साचते. बोटाने दाबले की खळगा पडतो आणि मळलेल्या कणकेत पडावा तसा तिथेच राहतो. दिवसभर घट्ट बाही घालावी लागते. संध्याकाळी ती उतरवली की आंबूस वास येतो. या हाताने मी आयुष्यभर खडू धरला. आता त्याची मला किळस येते.

त्याहून अधिक किळस येते ती घरातल्या ठरावाची. सून म्हणाली, "हत्तीरोग आपल्याकडं घरोघरी हाये, बाबा. त्याले कोनी हासत नाही. बायांचा रोग सांगतला तं पोरीच्या सोयरिकीत हासतीन." बाहेर हत्तीरोग, घरात 'छातीची गाठ', असे ठरले. मी व्याकरणाचा शिक्षक; मी मान डोलावली.

शिक्षा हाताला झाली. या हाताला सुई लागू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. हत्तीरोगासाठी रक्त तपासणारी आरोग्यसेविका घरी आली. "सुजला तो हाच हात ना, आजोबा?" तिने विचारले. सून "हो" म्हणाली आणि आत गेली. हात मागे घ्यावा, तर कारण सांगावे लागणार. मी बोट पुढे केले. दोन दिवसांत हात खांद्यापर्यंत लालभडक झाला, थंडी वाजून ताप भरला, आणि गोंदियाला दवाखान्यात पडून राहावे लागले. तिथेही मुलगा खाटेशी वाकून म्हणाला, "बाबा, हत्तीरोगच सांगजा."

तिथे आपला वर्ग आठवला. आपण अवयवांची लिंगे विचारत आहात. 'स्तन' म्हणताच मागची बाके खदखदतात. आपण एरवी प्रमाण भाषा बोलणारे. चिडलात की झाडीबोलीवर येता. "हासून कायले राहिले रे? अवयव हाये तो. तू ऊठ. लिंग सांग." मी उठतो. कान तापलेले आहेत. "तो स्तन. पुल्लिंगी." आपण छडी टेबलावर ठेवता. "हां. असा बोलत जाय."

आरोग्यसेविका उद्या पुन्हा येणार आहे. तिच्यासाठी तपशील दुरुस्त करून ठेवतो.

शस्त्रक्रिया: २००६, पोळ्यानंतर.

हात सुजला: २००७, धानाच्या रोवणीच्या दिवसांत. २००४ नव्हे.

सुई टोचली, ताप आला: २००९ च्या हिवाळ्यात.

हत्तीरोग झाला: कधीही नाही.

रोगाचे नाव मी स्वतः उच्चारले: अद्याप नाही. आज गोठ्यात बैलांसमोर प्रयत्न करून पाहिला. तोंडातून 'छाती' निघाली. आणि छाती तर, गुरुजी, स्त्रीलिंगी आहे.