मिश्र जात, वय तीन, नर

प्रति,
मा. मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी,
श्वान नोंदणी व कर्करोग तपासणी विभाग

विषय : माझ्या हातून 'नर' अशी नोंद झालेली कुत्री मादी असल्याबाबत, व अशाच इतर कुत्र्यांना तपासणीस बोलावण्याबाबत.

संदर्भ : नोंदणीकृत नर श्वान गहाळ केल्याबद्दल मला मिळालेली आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदया,

१. मी या विभागात एकोणीस वर्षे नोंदलेखक आहे. हा अर्ज मी कुत्रीचा मालक या नात्याने करीत असून नोंदलेखक या नात्याने तो मीच स्वीकारला आहे. आवक शिक्का फिका उठला आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. नऊ वर्षांपूर्वी आपल्याच श्वानगृहातून मी एक कुत्री घरी नेली. ती कोणाचेच ऐकत नाही म्हणून घरात तिला बाईसाहेब म्हणतात. नोंदवहीत मात्र ती 'मिश्र जात, वय तीन, नर' आहे. अक्षर माझेच आहे. मादी लिहिली की निर्बीजीकरणाचा कागद तीन प्रतींत भरावा लागे, आणि खिडकीबाहेर तर रांग लागलेली असे. म्हणून गर्दीच्या दिवशी जातिवंत नसलेले प्रत्येक कुत्रे मी नर लिहीत असे. वयाचा रकाना रिकामा चालत नसे, म्हणून तीन. यात कोणाचे काही बिघडत नाही अशी माझी समजूत होती. बाईसाहेबांचे निर्बीजीकरण राहिले ते राहिलेच.

३. गेल्या उन्हाळ्यात पत्नीच्या हाताला तिच्या पोटाशी वाटाण्याएवढी गाठ लागली. दवाखान्याने तुकडा काढून तपासणीस पाठवला, तो माझ्याच टेबलावर आला. गाठ स्तनग्रंथीची आणि नोंदीत नर. नियमाप्रमाणे मी त्यावर 'विसंगत' असा शिक्का मारून तो परत केला. स्वतः केलेली नोंद स्वतः दुरुस्त करता येत नाही, हे आपण जाणताच. तेव्हापासून पत्नी माझ्याशी कामापुरतेच बोलते.

४. पडताळणी समिती तीन महिन्यांनी बसली. तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती. बाईसाहेब समितीपुढे जातीने हजर होत्या, टेबलावर उताण्याही झाल्या. शेरा असा : 'समोरील श्वान मादी आहे. नोंदीतील श्वान नर आहे. सबब समोरील श्वान नोंदीतील नव्हे.' त्यामुळे ती बेनोंद ठरली, तिचा तपासणीचा हक्क गेला, आणि नोंदीतला नर कुठे गेला याचा खुलासा माझ्याकडे मागण्यात आला. असा नर कधी नव्हताच, एवढाच माझा खुलासा आहे.

५. आपल्या दालनाबाहेर मी नोंदींवरून तयार केलेला एक तक्ता आहे. जात, वय आणि लिंग यांप्रमाणे कुत्र्यांतील कर्करोगाचे प्रमाण त्यात दिले आहे. थोराड जातींत हाडांचा अधिक, निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांत स्तनांचा अधिक, आणि उतारवयात बहुतेक सगळ्यांतच अधिक. तळाशी 'मिश्र जात, नर : नगण्य' अशी ओळ आहे. तिच्यामुळे त्या कुत्र्यांना तपासणीचे बोलावणे जात नाही. महोदया, ती ओळ खोटी आहे. त्या नरांत कितीतरी माद्या आहेत. त्यांच्या गाठी आल्या तेव्हा मीच त्या 'विसंगत' म्हणून परत केल्या, म्हणून त्या मोजल्याच गेल्या नाहीत. याच तक्त्याबद्दल आपण भर सभेत माझे अभिनंदन केले होते. मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. आता मला त्या तक्त्यासमोरून जाववत नाही.

६. पहिल्या मसुद्यात मी शस्त्रक्रियेची विनंती केली होती, ती काढली आहे. काल पशुवैद्य म्हणाले, "फुप्फुसात गेलंय. लवकर आणायला हवी होती." घरी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "आता भरा तुमचे कागद सावकाश. तिला काही घाई नाही."

७. विनंती दोनच. गर्दीच्या दिवशी माझ्या हातून नर ठरलेल्या कुत्र्यांना बोलावून घ्यावे. पुष्कळांना उशीर झाला असेल, तरीही बोलवावे. मला जी शिक्षा होईल ती मान्य आहे. दुसरी विनंती अशी की, काही दिवसांत बाईसाहेबांच्या मृत्यूचा कागद याच खिडकीवर येईल. त्यावर दवाखान्याने मादी लिहिलेले असेल. तो नोंदीशी जुळणार नाही आणि नियमाप्रमाणे मला परत करावा लागेल. त्या दिवशी मला खिडकीवर बसवू नये.

आपल्या विभागाचा चुकलेला सेवक,
(सही)
नोंदलेखक, खिडकी क्रमांक दोन
तथा बाईसाहेबांचा मालक
दिनांक : १४ सप्टेंबर

सोबत :
१. समितीच्या शेऱ्याची प्रत.
२. बाईसाहेबांचे छायाचित्र, उताणे.
३. गर्दीच्या दिवसांची नोंदपाने. फायलीत मावली नाहीत, म्हणून पिशवीत दिली आहेत.