आईचा बद्द रुपया

अण्णा,

आज शुक्रवार, १० फेब्रुवारी १९५६, संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. सियालदहच्या कागदाच्या दुकानात गल्ला मोजून झाला आहे, शेठजी मागच्या खोलीत उदबत्ती लावायला गेले आहेत, आणि मी नुकतीच आठ आण्यांच्या एका खोट्या अधेलीपोटी गल्ल्यात माझी खरी ठेवली. तुम्हांला जाऊन आठ वर्षे होतील. एवढ्या वर्षांत मला तुम्हांला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आज लिहितो आहे तेही मायेने नाही.

तुम्ही बँकेत पारखी होता. तिथले बंगाली लोक तुम्हांला पोद्दारबाबू म्हणत आणि ते तुम्हांला आवडे. तुमच्या खिडकीत संगमरवराची एक लादी होती. आलेला प्रत्येक रुपया अंगठ्याच्या नखाने उडवून तुम्ही तिच्यावर टाकत असा. खरा खणखणीत वाजे, खोटा बद्द. खोटा निघाला की तुम्ही जाड पात्याची कातर उचलायचा, रुपयाचे दोन तुकडे करायचा आणि ते आणणाऱ्यापुढे सरकवायचा. नुकसान त्याचे. तो अधिकार सरकार थोड्यांनाच देते, असे तुम्ही रविवारी जेवताना सांगत असा, आणि मग शिक्षांच्या गोष्टी निघत. पेशवाईत खोटी नाणी पाडणाऱ्याचा हात कसा तोडत, याच शहरात कंपनीच्या काळी खोट्या कागदापायी एका मोठ्या दिवाणाला फाशी कशी दिली, पुढे काळे पाणी कसे आले. हात तोडायचा भाग तुम्ही भात कालवता कालवता सांगायचा. पारख चुकली तर पारख्याला काय शिक्षा, असे मी एकदा विचारले होते. तुम्ही म्हणालात, "पारख्याचं चुकत नाही. जेव."

मी तेरा वर्षांचा होतो. शाळेची फी मोजून द्यावी लागे आणि घरात मोड नव्हती, म्हणून आईने एक रुपया देऊन मला तुमच्याच खिडकीकडे पाठवले. मी रांगेत उभा आहे. तुम्ही मला पाहता आणि न पाहिल्यासारखे करता. मला त्याचे वाईट वाटत नाही, कामावर असे असते हे मला ठाऊक आहे. तुम्ही रुपया उडवता. तो लादीवर पडतो, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. मोड द्यायला तुमचा हात पुढे जातोसुद्धा. तेवढ्यात शेजारचे म्हातारे मोठे पोद्दार मान वर करतात. तुम्ही त्यांची मान पाहिलीत, आणि मग कातर उचललीत. हा क्रम मी विसरलेलो नाही. त्यांनी मुलगा कोणाचा म्हणून विचारले. तुम्ही बंगालीत म्हणालात, "जानि ना." माहीत नाही.

दरवानाने मला दंडाला धरून बाकावर बसवले आणि रुपया कुठून आणलास ते विचारू लागला. वडिलांनी आईला दिला, आईने मला, एवढेच मी म्हणत राहिलो. तो हसून म्हणाला, "तो बुला ना अपने बाप को." तुम्ही हाताच्या अंतरावर रुपये वाजवत होता. मी हाक मारली नाही. शेवटी त्या म्हाताऱ्यांनाच दया आली आणि त्यांनी मला सोडायला लावले.

त्या संध्याकाळी आई एवढेच म्हणाली, "शनिवारी पगारातला तुम्हीच दिला होतात तो." तुम्ही म्हणालात, "मी आणलेला रुपया खोटा नसतो. ह्यानेच बाजारात बदलला." मग मला मारलेत. पुढच्या महिन्यात शाळेतून नाव काढलेत, खोटी नाणी खपवणाऱ्याला शिकवून काय करायचे, असे बराकपूरच्या काकांपुढे सांगितलेत, आणि मला या दुकानात आणून बसवलेत. पारख्याचा मुलगा म्हणून शेठजींनी पुढे गल्ला माझ्याकडे दिला. मी अजून प्रत्येक अवघड शब्द कोशात पाहून लिहितो. तरी शिक्षण किती, असे कोणी विचारले की मी इकडेतिकडे पाहू लागतो.

तुमचा कान जात होता हे मला मागाहून कळले. आई नेहमी तुमच्या उजव्या बाजूला उभी राहून बोलायची, आणि तुम्ही आम्हां सगळ्यांना पुटपुटे म्हणायचा. माझा मुलगा, माझाच रुपया, असे म्हटले असते तर मोठ्या पोद्दारांना सगळे समजले असते आणि तुमची खिडकी गेली असती. हे मला समजते. समजले म्हणून राग गेला नाही. ज्याने तो रुपया पाडला त्याला कोणी शोधलेही नाही, आणि शिक्षा मी भोगली.

आज दुपारी रद्दी नेऊन ठोंगे, म्हणजे कागदी पिशव्या, करणारी बाई आली होती. पूर्व बंगालातून आलेली, दर आठवड्याला मुलीला घेऊन येते. तिचे पैसे मी गल्ल्याजवळच्या दगडावर वाजवून घेत होतो. एक अधेली पडली आणि मागे बसलेल्या शेठजींनी मान वर केली. "क्यों मराठाबाबू, यह तो बोली नहीं." खोटे नाणे आणणाऱ्याला ते पुन्हा माल देत नाहीत, आणि चौकातल्या शिपायाला बोलावतात. बाईने मुलीचा हात धरला. मी म्हणालो, "शेठजी, ही माझी आहे. माझ्या हातातली मिसळली." ते हसले. पारखी का बेटा और खोटी अधेली, म्हणाले, आणि भरून टाकायला सांगितले. जाताना बाई हळूच म्हणाली, "दादा, ओटा आमार छिलो." ती माझी होती. मी तिला जा म्हणालो.

मी तुमच्यासारखा नाही, हे तुम्हांला दाखवावे म्हणून लिहायला बसलो. पण ती अधेली पडली तेव्हा मला ती खरीच वाटली होती. शेठजींनी मान वर केली नसती तर मी ती गल्ल्यात टाकली असती. मला ऐकू आले नाही, हे सांगण्यापेक्षा अधेली माझी आहे असे म्हणणे सोपे होते. बाईचा विचार त्यानंतर आला. मघाशी तीच अधेली आणि माझी खरी अधेली पुन्हा पुन्हा दगडावर टाकून पाहिल्या. दोन्ही सारख्याच वाजल्या.

आजचा खर्च: ट्राम, दोन आणे. चहा, एक आणा. खोट्या अधेलीपोटी, आठ आणे. पत्राला पाकीट घेतले नाही.
देणे: खानावळीचे सहा रुपये.
तुमच्याकडून येणे: आईचा एक रुपया.