पळसाच्या पुतळ्याला सलामी

कराची, सप्टेंबर १९४२

प्रिय आकाराम,

मान, मान काय लावलंयस रं? आमच्या नाथाजीदादाला गावानं मान दिला, असं परत लिहितोस आणि वर मलाच विचारतोस, तुला बरं का वाटंना. काय बरं वाटायचं, गड्या? पलटणीच्या तारेत 'मिसिंग' लिहिलं होतं. मी चौथी नापास, पण इथं गोदीत गोण्या उतरवताना तो शब्द रोज ऐकतो. मिसिंग म्हणजे सापडत न्हाई. मेला न्हवं. पण पेन्शनीतले सुभेदार लालासाहेब बोलले, "मागच्या लढाईत मिसिंग झालेला एकबी माघारी आला न्हाई," आणि झालं. गावाची खात्री पटली.

मग प्रेत न्हाई म्हणून पळसाच्या पानांचा माणूस केलात. त्याला दादाची जुनी खाकी चढवलीत, हलगी लावून कृष्णाकाठी नेलात आणि लालासाहेबांच्या हुकमावर तुम्ही पोरांनी खांद्याला काठ्या लावून सलामी दिलीत. पानांना! पेटवल्यावर सगळं गाव रडलं म्हणे. रडेल की. घरोघरचं कुणीतरी लढाईवर हाय. ज्यानं त्यानं आपल्या पोरासाठी रडून घेतलं. त्यांच्यावर माझा राग न्हाई.

राग हाय तो पुढं जे केलंत त्याचा. अंजनावहिनी म्हणत होती, "मला त्यांचं तोंड दावा, मग बांगड्या फोडा." तिनं हात पदरात लपवले, तर आमच्या आबांनी मान खाली घातली आणि तुझ्या आईनं तिची मनगटं दगडावर धरली. वर म्हणाली, "गावाचा मान ठेव, पोरी." तू काठी घेऊन तिथंच उभा होतास. त्या काठीत गोळी असती तर कुणावर झाडली असतीस? हे तू लिहिलं नाहीस. माझ्या बहिणीनं, राहीनं कळवलं.

आता ऐक. परवा इथं जखमींचं जहाज लागलं. त्यात दादाच्या पलटणीतला बिराप्पा भेटला, कवठे महांकाळचा. तोब्रुक पडलं तेव्हा जर्मनांनी दोघांनाही धरलं. हा वाटेत निसटला, दादाला लॉरीत घालून नेलं. धडधाकट हाय. शिव्या देत होता म्हणे, जर्मनांना न्हाई, भरतीला घालणाऱ्या लालासाहेबांना.

तवा वाईच्या कासाराला बोलवायचं. चावडीपुढं, सगळ्या गावादेखत वहिनीला हिरवा चुडा भरायचा, आणि तुझ्या आईनंच तिचे हात कासारापुढं धरायचे. जाळलेला माणूस घरात घेता येत न्हाई असं लालासाहेब म्हणाले, तर म्हणावं, पानं जळली. हलगी वाजलीच पाहिजे. चुड्याला गावाची पैसुद्धा नको. मनिऑर्डर करतोय, तीन रुपये.

तुझाच, अजून रागातच,
कृष्णात