घरच्या बोअरचं पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. मागे आपल्या गल्लीतल्या बोअरांचं पाणी तपासायला माणसं आली होती. काल ती परत आली आणि आपल्या बोअरच्या पाइपावर लाल रंगाची फुली मारून गेली. त्यांच्यातली एक मुलगी मला गुजरातीत म्हणाली, "बेन, पीवामां नहीं, रांधवामां पण नहीं." मी विचारलं, "अने झाडने?" तिने माझ्या मागच्या वाफ्यांकडे, मेथीकडे, दुधीच्या मांडवाकडे पाहिलं आणि रंगाचा डबा उचलून पुढच्या घराकडे वळली.

मला अजून दिसतं, सकाळ झालेली असते. तुम्ही स्वयंपाकघरात तांब्याच्या हंड्याशी उभे असता, आणि चहाआधी आईला आणि मला भांडंभर पाणी प्यावंच लागतं. उषःपान. "पोटाची मोरी धुऊन निघाली पाहिजे," असं तुम्ही म्हणता, आणि आई म्हणते, सकाळी सकाळी मोरी नको हो. स्टीलच्या भांड्यात पाणी किंचित पिवळं दिसायचं. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "लोह आहे ते. रक्ताला चांगलं." गच्चीवरून कारखान्यांची धुराडी दिसायची, तुमची नोकरीही तिथलीच, पण तुमचा सगळा राग खंडेराव मार्केटच्या भाजीवर. पाहुणे येणार म्हणून आईने एकदा तिथून फ्लॉवर आणला, तर तुम्ही तो तसाच उचलून खताच्या खड्ड्यात टाकलात. "फवारलेलं विष माझ्या घरात नको." आईने मुकाट्याने घरचा दुधी चिरायला घेतला. जाताना पाहुण्यांना पिशवी भरभरून मेथी दिलीत. आपल्याकडचं पाणी न पिता कोणी उठलं तर तुमचा पापड मोडायचा. किती जणांना आग्रहाने पाजलंत, बाबा.

मग तुमची मूत्रपिंडं गेली, आणि तुमचं करायला म्हणून मी या घरी परत आले ती कायमचीच. जन्मभर लोकांना पाणी प्या म्हणून सांगणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. तुम्ही ओठांवरून जीभ फिरवत "घोटभर दे गं" म्हणायचात आणि मला रडू यायचं. इतकं जपून खाल्लं तरी नशिबात हेच होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. समोरच्या घरातले काका त्याच आजाराने गेले, तेव्हाही नशीबच म्हटलं. आता गल्लीत सगळ्यांची दारं बंद आहेत. जो तो फक्त दुसऱ्याच्या बोअरवर फुली आहे का ते बघतो.

तुमची नात बाळंतपणाला आलीय. सातवा महिना. आल्यापासून ती मेथी, टोमॅटो, सगळं वाफ्यातून स्वतःच्या हाताने तोडून खाते. "मम्मी, अलकापुरीतल्या महागड्या दुकानांत हेच ऑर्गॅनिक म्हणून विकतात, आणि त्याला चव पण नसते," असं म्हणते. पाण्याची बाटली सतत जवळ. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय ना. काल संध्याकाळी मी ती बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि फुलीबद्दल सगळं सांगितलं. ती घाबरली, पण रडली नाही. तुमच्यासारखीच आहे, आधी हिशोब मांडते. पोटावर हात ठेवून म्हणाली, "इथे तर मी आत्ता आलेय. पण लहानपणी प्रत्येक सुट्टीत इथेच असायचे ने मी. तेव्हा पण हेच पाणी होतं?"

मला तुमचा राग आला, बाबा, आणि त्याच वेळी तुम्ही दाराशी येऊन उभे राहावंत, "लोह आहे ते" म्हणावंत, असंही वाटलं. तुमच्या सांगण्यावर माझा अजून विश्वास बसला असता.

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही गं, तेव्हा चांगलं होतं. हे आत्ताच बिघडलंय." तिने लगेच मान्य केलं.